जूनमधली करडई

बीदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीहून सात किलोमीटर आत असलेल्या त्या गावात वाचनालय होतं, फक्त त्याला इमारत नव्हती. किराणा दुकानदार किशनराव यांनी १९९१ साली गावाच्या नावानं राष्ट्रीय महाकोशाची वर्गणी भरली आणि खंड यायला लागल्यावर लक्षात आलं की ते ठेवायचे कुठं हे ठरलेलं नाही. शाळेचं छत गळत होतं. देवळात उंदीर होते. शेवटी चिठ्ठ्या टाकून एकेका घराला एकेक खंड देण्यात आला. नियम दोन. खंड उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही, आणि पाहायला येईल त्याला बसायला जागा आणि चहा द्यायचा. ज्या घरी 'प'चा खंड होता त्या घराशी भांडण झालं, की पृथ्वी, पाऊस आणि पोलिओ यांच्याविषयी महिनोन्‌महिने काहीच कळत नसे.

चौथा खंड राजूबाईच्या घरी आला. 'औ'पासून 'का'पर्यंत. राजूबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं आपल्या घरापुरता तिसरा नियम केला: वाचायचं ते मोठ्यानं. "चहा माझा प्यायचा आन मनातल्या मनात वाचायचं, हे जमणार न्हाई," ती म्हणायची. दोन वर्षांत तिला कंबोडिया, कबुतर आणि कर्करोग तोंडपाठ झाले. नवरा अंकुशराव अबोल माणूस. घरात अचानक एवढं ज्ञान आल्यानं ते आणखीच अबोल झाले.

१९९३ साली तिच्या अकरा वर्षांच्या मुलीनं, ज्योतीनं, एका दुपारी 'करडई' वाचायला घेतली. 'खरीप हंगामातील तेलबियांचे पीक. पेरणी जूनमध्ये करतात.'

राजूबाई ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं.

"परत वाच."

ज्योतीनं परत वाचलं. जूनच होता.

"कुणी लिव्हलंय हे? त्यानं कधी पेरली होती जूनमध्ये?"

राजूबाईच्या दोन एकरांत दरवर्षी करडई असायची. पेरणी दसऱ्याच्या मागंपुढं. काढणी पहाटे, दवानं काटे मऊ असतात तेव्हा, हाताला गोणपाट गुंडाळून. इतकं करूनही तिच्या बोटांत बारा महिने काटे असायचे. महाकोशातली करडई बिनकाट्याची होती की काय कोण जाणे. काट्यांचा उल्लेख त्यात नव्हता.

किशनराव हसले. "राजूअक्का, देशातले विद्वान बसलेत त्या कोशात."

"बसलेत म्हणूनच. एकदा उठून शेतात आले असते तर कळलं असतं."

गोष्ट एवढ्यावर मिटली असती. पण १९९५ साली एका संस्थेनं मराठी शाळांतल्या मुलींसाठी परीक्षा ठेवली. पहिल्या तिघींना बीदरच्या वसतिगृहात जागा आणि दहावीपर्यंतचं शिक्षण फुकट. प्रश्नपत्रिका काढायला आणि तपासायला उद्धवराव गुरुजी. ते प्रामाणिक होते. मनाचं काही विचारायचं नाही, म्हणून ते घरोघर फिरून कोशातून प्रश्न काढत. राजूबाईच्या घरीही आले, बाजेवर बसले, दोन कप चहा प्यायले आणि चौथ्या खंडातून पाच प्रश्न उतरवून घेऊन गेले. राजूबाई तेव्हा शेतात होती. चहा अंकुशरावांनी केला, आणि काही बोलले नाहीत.

पाचांतला एक प्रश्न होता, 'करडईची पेरणी कधी करतात?'

ज्योतीनं लिहिलं, दसऱ्याच्या सुमारास. गुरुजींनी फुली मारली. ज्योती चौथी आली, एका गुणानं.

"तुला ठावं होतं ना पुस्तकात काय लिव्हलंय ते?" राजूबाईनं विचारलं.

"व्हय. पण खोटं कामून लिहू?"

राजूबाई तशीच गुरुजींच्या दारात गेली. गुरुजी कळवळले. त्यांचं स्वतःचं शेत होतं, त्यात करडई होती आणि ती त्यांनी कधीही जूनमध्ये पेरलेली नव्हती. हे सगळं त्यांनी कबूल केलं. "पण बाई, मी तरी काय करू? छापलंय."

ज्योतीचं सतराव्या वर्षी लग्न झालं. आता ती हैदराबादच्या पलीकडं एका औषध कारखान्यात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. चिठ्ठीवर जे छापलेलं असतं तेच डब्यात आहे असं धरून चालायचं, हे त्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात.

परीक्षेच्या वर्षीच राजूबाईनं महाकोश मंडळाला पत्रं पाठवायला सुरुवात केली. दरवर्षी दसऱ्याला, पेरणी झाली की एक. लिहून द्यायला किशनराव. पहिल्या पत्राला कार्ड आलं: 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. पुढील आवृत्तीत विचार केला जाईल.' मंडळाचा पहिल्याच आवृत्तीचा विसावा खंड अजून निघायचा होता. तो कधीच निघाला नाही. २००२ साली अख्खा कोश संगणकाच्या एका चकतीवर आला. मन्नाएखेळ्ळीत एकाच्या दुकानात ती लावून पाहिली तर त्यातही जून. २००८ साली कोश इंटरनेटवर गेला, आणि जून जगभर पोचला. 'सूचना पाठवा' असं एक बटण होतं. किशनरावांनी सूचना पाठवली. उत्तर त्याच मिनिटाला आलं: 'कृपया विश्वसनीय संदर्भ जोडावा. उदाहरणार्थ, महाकोशाचा छापील खंड.'

"माझं शेत जोडा म्हणावं," राजूबाई म्हणाली.

मग २०१२ साली, दसरा झाल्यावर, मंडळाचा प्रतिनिधी आला. योगीराज नाव, गळ्यात ओळखपत्र, स्वभावानं गोड. योजना अशी होती की छापील खंड मंडळाला परत करायचे आणि त्या बदल्यात गावाच्या वाचनालयासाठी संगणक घ्यायचा. अट एकच, आलेले एकोणीसच्या एकोणीस खंड हवेत. किशनरावांच्या दुकानापुढं खंड जमले. अठरा जमले.

"अक्का, तुझ्या एका पुस्तकापायी गाव अडलंय," सरपंच हणमंतप्पा म्हणाला. "पोरं तालुक्याला जायलेत फॉर्म भरायला. कुणाचा राग कुणावर काढायलीस?"

राजूबाई खंड पोटाशी धरून उभी होती. "त्यात चूक हाय. ती आधी दुरुस्त करा, मग नेवा."

योगीराजनं लॅपटॉप उघडला, शोधलं आणि आनंदानं वाचून दाखवलं. 'रब्बी हंगामातील पीक. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करतात.'

"मावशी, बरोबरच आहे की!"

राजूबाई लॅपटॉपजवळ सरकली.

"कधी केलंत हे?"

"ते नाही दिसत इथं. पहिल्यापासून असंच असेल."

"पहिल्यापासून?" राजूबाईचा आवाज चढला. "मग माझी पोर कुठं चुकली? अठरा पत्रं कशाची लिव्हली मी? हे बघा, हितं जून हाय. तुमच्याच घरचा!"

योगीराजनं खंडात डोकावून पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "हाच तर फायदा आहे मावशी नव्या पद्धतीचा. चूक मागं उरतच नाही."

"चूक न्हाई उरली. पोर उरली की."

"म्हणजे?"

"त्या करडईखाली लिव्हा. एवढी वर्षं आम्ही चुकत होताव, आन ज्योती अंकुशराव बरोबर होती. एवढंच लिव्हा."

"तसा रकाना नाही मावशी."

गावातल्या दोघातिघांना हसू आलं. हणमंतप्पा म्हणाला, "आता तरी दे की अक्का. चूक गेली ना?" त्या हसण्यानं आणि त्या 'गेली ना'नं जे काही व्हायचं ते झालं. राजूबाईनं किशनरावांच्या दुकानातला गुळाचा विळा उचलला, खंड कट्ट्यावर उघडला आणि करडईचं पान मुळापासून कापलं. वीस सालांत तिनं कोणाला त्या खंडावर कप ठेवू दिला नव्हता. पान सरळ निघालं.

"अहो, हे काय करताय!"

"तुमच्याकडं बरोबर हाय म्हणलाव ना? मग चुकीचं पान काय करता? घ्या, मोजा. एकोणीस."

योगीराजनं हातातला अर्ज पाहिला. त्यात खंडांची संख्या होती, पानांची नव्हती. त्यानं एकोणीस लिहिलं आणि सही केली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

राजूबाई टाळ्यांसाठी थांबली नाही. उद्धवराव गुरुजी निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. ते दारात लिंबाच्या सावलीत बसले होते. तिनं पान त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"लाल पेन हाय?"

गुरुजींना सगळं आठवत होतं. आत जाऊन त्यांनी पेन आणलं. अक्षर तेच होतं. 'जूनमध्ये' या शब्दावर फुली मारली आणि समासात लिहिलं: 'ज्योती अंकुशराव, उत्तर बरोबर, एक गुण.' खाली सही केली.

"तारीख कोणती घालू बाई? तेव्हाची घालतो. तेवढंच..."

"न्हाई," राजूबाई म्हणाली. "आजची घाला. तुम्हाला किती दिवस लागले ते दिसू दे."