मापाला आलेल्या मेडम

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा लिहिण्यातल्या चुका माफ कराव्यात.

इथे बंगळुरात, मल्लेश्वरमातून काही पोरांबरोबर कुणाची तरी स्कूटर पळवली म्हणून माझा सोळा वर्षांचा मुलगा पकडला गेला. बाल न्याय मंडळाने त्याला घरी राहू दिलं, पण मंडळाने नेमलेल्या प्रोबेशन ऑफिसर मेडम दर महिन्याला त्याला बघायला येतात. त्यांनी वाईट लिहिलं तर त्याला रिमांड होममध्ये जावं लागेल. मोबाईल दुरुस्तीच्या क्लासला त्यांनीच घातलंय त्याला.

मी घरी ब्लाउज शिवते. मेडम पिशवीत ब्लाउजपीस घेऊनच येतात, म्हणजे गल्लीला गिऱ्हाईक वाटावं. मुलाला विचारतात, "जेवलास? क्लास कसा चाललाय?" आणि मग तो बोलेल म्हणून वाट बघत बसतात. तो मात्र "सरी, मेडम", म्हणजे बरं मेडम, याच्या पुढे जात नाही.

परवा शेजारीण दारात येऊन उभी राहिली. "अक्का, या सारख्याच येतात. तुमचं शिवलेलं बसत नाही वाटतं?"

मेडम उठल्या आणि हात पसरून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "या वेळी स्वल्प सैल ठेवा," म्हणाल्या. मी टेप लावली. शेजारीण हसत निघून गेली.

मुलगा सगळं बघत होता. मेडम बसल्या तसा म्हणाला, "शनिवारी मी क्लासला गेलो नाही. त्याच पोरांबरोबर होतो."

मी मेडमकडे पाहिलं.

"हे मला लिहावं लागेल," मेडम म्हणाल्या. "तू आपणहून सांगितलंस, तेही लिहीन."