कडुनिंबाचं टेबल आणि वरण-बट्टी

असोद्याच्या आमच्या शेतात बांधावरचा कडुनिंब वादळात आडवा झाला, तेव्हा घरच्या पुरुषांनी त्याचं सरपण करायचं ठरवलं. माझी मोठी जाऊ म्हणाली, "सरपण कशाला? आपण दोघी जेवायचं टेबल करू." तिनं मोबाइलवर तसे व्हिडिओ पाहिले होते. मी तेवढेही पाहिले नव्हते, तरी लगेच हो म्हणाले.

वखारीतून फळ्या कापून आणल्या, चार महिने सावलीत वाळवल्या. पायांसाठी जाड फांद्या निवडल्या, सालीसकट. मग रोज दुपारी मागच्या अंगणात आम्ही दोघी काचकागद घासत बसायचो. भुकटी केसांत, भुवयांत, चहातही. एकमेकींकडे पाहिलं की हसू फुटायचं. शेवटी जवसाचं तेल चोळलं, तशा लाकडातल्या रेघा उमटल्या आणि जाऊबाई चक्क नाचल्या.

उद्घाटनाला वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी ठरली. बट्ट्या तळणं माझ्याकडे होतं, पण लक्ष सगळं टेबलात. पहिला घाणा तळून तळून दगड झाला. सासूबाईंनी मला चुलीपासून उठवलं आणि त्या स्वतः बसल्या.

इकडे आम्ही दोघी आणि आमचे नवरे, अशा चौघांनी टेबल उचललं आणि स्वयंपाकघराच्या दारात घातलं. ते अर्धं आत गेलं आणि अडकलं.

"अवं, दार मोजलं का नई?" सासूबाई आतून ओरडल्या. "आता मी बाहीर कशी येऊ? तेल तापेल हाये!"

दार कुणीच मोजलं नव्हतं. जाऊबाई खालीच बसल्या, पोट धरून. पुरुषांनी ओढून ओढून टेबल बाहेर काढलं आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली ठेवलं. ताटं वाढली, तर एक पाय आखूड! वरण सगळ्यांच्या ताटांत एकाच बाजूला, आबांकडे धावलं.

आबा म्हणजे माझे सासरे, मोजकं बोलणारे. ते उठले, माझ्या पहिल्या घाण्यातली एक बट्टी आणली, वाकून पायाखाली सारली. टेबल ठाम उभं राहिलं. बट्टीला साधी चीरही गेली नाही.

"अन्न हाये ते!" सासूबाई रागावल्या, पण शेवटचा शब्द पदरातच विरला. खांदे हलायला लागले. मग आम्ही सगळेच सुटलो. माझ्या नवऱ्याला ठसका लागला, दिरांच्या डोळ्यांतून पाणी. मला लाज वाटायला हवी होती, पण मीच सगळ्यात जास्त हसत होते.

खुर्चीवर कधी जेवणार नाही म्हणणाऱ्या सासूबाई खुर्चीवर मांडी घालून बसल्या. बट्टी कुस्करून त्यात तूप ओतलं, वर वरण. हात फिरवून लाकूड चाचपलं.

"गुळगुळीत केलं पोरींनी," त्या आबांना म्हणाल्या.

आबांनी तिसऱ्यांदा वरण मागून घेतलं.