आधी श्वासाला वीज

सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लेख मागणारं पत्र, कोरे कागद आणि तिकीट लावलेलं पाकीट, एवढं घरपोच आलं. मला खर्च फक्त शाईचा. लिहिणाऱ्यांत मोठमोठे इंजिनिअर असतील. मी मॅट्रिक झालेली शेजारीण, जमेल तसं लिहिते.

तळवडेकर सर मुलुंडला आमच्या शेजारी राहायला आले, ते दिवेलागणीला. सामान आत जायच्या आधी ते गच्चीवर आले. मी वाळवण काढत होते. डोंगराकडचे दिवे लागले, मग शाळेकडचे, मग आमच्या गल्लीतले. सर हात मागे बांधून बघत राहिले. म्हणाले, "वहिनी, कुणाला किती वीज हवी, हे तारांना त्या क्षणी कळलं पाहिजे. मी तेच शिकवतो." तेव्हापासून दिवे लागताना तारा आपसांत कुजबुजताहेत असं मला वाटतं.

कॉलेजात ते स्मार्ट ग्रिड आणि रिअल-टाइम यंत्रणा शिकवत. मी ‘रिअल-टाइम’चा अर्थ विचारला, तर त्यांनी मलाच विचारलं, "नैवेद्याला उशीर झाला तर?"

"देव थांबतो."

"वीज थांबत नाही. बरोबर उत्तर उशिरा आलं, तर आमच्यात ते चूकच धरतात."

सासूबाईंना प्राणवायूचं यंत्र लागलं, तेव्हा सरांनी सोसायटीच्या बॅटरीला स्वतः बनवलेली एक पेटी जोडून दिली. वीज गेली की बॅटरी आधी आमच्या घराला, उरलं तर लिफ्टला. सेक्रेटरी चिडले. "सर, मी सहाव्या मजल्यावर राहतो ना."

"मग व्यायाम होईल. आजींना श्वास जिन्यानं आणता येत नाही."

त्यानंतर वीज अनेकदा गेली. बाहेर सगळा अंधार, देवघरात समई, आणि त्या यंत्राची संथ घरघर. सासूबाई डोळे मिटून म्हणायच्या, "सर जागे आहेत." सर तेव्हा कधी वर्गात असत, कधी परगावी.

आता सर बोरिवलीला लेकीकडे असतात. हृदयाची झडप बदलायला हवी, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. कॉलेजची मुलं अजून त्यांच्याकडे शिकायला येतात, म्हणून सर म्हणतात, "मुलांचे प्रोजेक्ट संपू देत." फोनवर विषय काढला की माझ्या पापडांची चौकशी करतात. म्हणून तुम्हा सर्वांसमोर लेखी विचारते. ग्रंथ छापून होईपर्यंत थांबायचं नाही, तेव्हा या लेखाची एक नक्कल सरांना आजच धाडते आहे.

सर, तुम्ही ठणठणीत शंभरी गाठावी म्हणून गणपतीपुढे रोज दिवा लावते. पण देव थांबतो, झडप थांबत नाही. ऑपरेशनची तारीख उलट टपाली कळवा. सोबत पाकीट ठेवलंय, तिकीट लावून.