डाव्या वळणावर बंद पडणारी गाडी

तळोज्याला, केमिकल कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची शेड होती. तिथे शर्यतीच्या गाड्या तयार व्हायच्या. इंजिन आणि पेट्रोलचं काम भावजींचं, वायरिंग माझं. ताईचा नवरा म्हणून मी त्यांना अहोजाहो करायचे. त्यापलीकडे मान असा काही उरला नव्हता.

त्याला कारण होतं. आदल्या वर्षी शेडमध्ये एका गाडीच्या इंजिनाखाली आग लागली. लगेच विझली, कुणाला काही झालं नाही, आणि ती कशाने लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण घणसोली गावात माझ्या चुलतभावाच्या हळदीला, भर पंगतीत, भावजींनी सांगितलं की मेव्हणीच्या वायरिंगने गाडी पेटवली. लोक हसले. माझी आई वाढत होती, ती हातातलं पातेलं घेऊन आत गेली ती परत बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, कारण काम मला सोडायचं नव्हतं. त्यांच्याशी बोलणं मात्र सोडलं.

अशात खारघरच्या एका दातांच्या डॉक्टरांची गाडी आली. माणूस आठवडाभर लोकांच्या दाढा काढायचा आणि सुट्टी मिळाली की शर्यतीत उतरायचा. त्यांची तक्रार अशी होती की गाडी थंड असताना उत्तम पळते, तापली की लांब डाव्या वळणावर खोकते आणि बंद पडते. ओढून आणेपर्यंत पुन्हा चालू. शेडमध्ये तर ती इतकी शहाण्यासारखी चालायची की डॉक्टरच खोटं बोलतायत असं वाटावं.

भावजींनी बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला: वायरिंग. मी म्हटलं, पेट्रोल. दोघांपैकी कुणीही अजून काही तपासलं नव्हतं. आम्ही बोलत होतो तेही एकमेकांशी नाही, मध्ये उभ्या असलेल्या डॉक्टरांशी. 'तिला विचारा वायरिंगचा रिले कदी बदलला,' असं भावजी म्हणायचे आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी असायचे. मीही डॉक्टरांनाच सांगायचे की टाकी शेवटची कधी उघडली ते यांना विचारून घ्या. डॉक्टर सुरुवातीला हसले. मग हसायचे बंद झाले.

बंद पडणारी गाडी बंद पडत असतानाच पकडावी लागते. जासईला एका ओळखीच्या माणसाचं कंटेनर यार्ड होतं. रविवारी तिथे हालचाल नसायची, सिमेंटची जमीन सपाट आणि रुंद होती. गाडी तिथे नेली. मी पेट्रोलचा दाब दाखवणारा काटा काचेबाहेर, वायपरखाली चिकटवला. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या पंपाच्या वायरीवर एक छोटा दिवा जोडला आणि तो डॅशबोर्डवर ठेवला. हिशोब सोपा होता. पंपाचा करंट गेला तर दिवा विझणार. करंट असूनही दाब पडला तर दोष पेट्रोलच्या बाजूचा. त्या दिवसापुरती शेजारची सीट बसवली आणि मी डॉक्टरांबरोबर बसले.

कंटेनरच्या थप्प्यांना वळसे घालत गाडी तापली. मग डाव्या वळणावर काटा सरळ खाली आला. इंजिन गप्प झालं. दिवा लख्ख पेटलेला होता.

मला आनंद झाला, आणि तो गाडीसाठी नव्हता. मी उतरले आणि भावजींना तोंडावर सांगितलं, "दिवा चालू होता. काटा पडला. आता माझ्या वायरिंगचं नाव काढू नका."

शेडमध्ये येऊन त्यांनी टाकी उतरवली. शर्यतीच्या गाडीच्या टाकीत स्पंज भरलेला असतो, वळणावर पेट्रोल एका बाजूला पळू नये म्हणून. तो जुना होऊन कुजला होता. त्याचा चुरा गाळणीवर बसला होता. भावजींनी स्पंज बदलला, गाळणी बदलली, पंपही नवा घातला. ती काळी गाळणी त्यांनी माझ्या टेबलावर, माझ्या स्वच्छ पुसलेल्या हत्यारांवर टाकली. पेट्रोल सगळीकडे ठिबकलं. मी ती उचलून बाहेर फेकली. संध्याकाळी ताईला फोन करून म्हटलं, पुढच्या हळदीत ही गोष्टसुद्धा सांगायला सांग त्यांना. तिने फोन ठेवून दिला.

पुढच्या रविवारी पुन्हा जासई. डावं वळण गाडीने सहज घेतलं, पुन्हा पुन्हा घेतलं. भावजी हाताची घडी घालून उभे होते. मग चांगली तापल्यावर, वळण नाही काही नाही, सरळ रस्त्यावर गाडी बंद पडली. काटा खाली, दिवा चालू.

मी म्हटलं, नवा पंपही खराब दिसतोय. भावजी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे वळले.

"पंप चांगला हाय. त्याला करंट मिलत नाय. तुझा दिवा खोटा बोलतंय."

त्यावर आम्ही दोघंही सुटलो. जे वर्षभर बोललो नव्हतो ते त्या उन्हात बोलून घेतलं, त्यात गाडी कमी आणि घर जास्त होतं. यार्डाचा वॉचमन खुर्ची उचलून लांब जाऊन बसला. डॉक्टरांनी हेल्मेट काढलं, बॉनेटवर ठेवलं आणि शांतपणे सांगितलं की आज निकाल लागला नाही तर गाडी दुसरीकडे नेतो.

मी गप्प झाले, पण डॉक्टरांमुळे नाही. भावजींचं वाक्य डोक्यात अडकलं होतं. दिव्याची एक वायर मी पंपाच्या वायरीला लावली होती आणि दुसरी, सोयीचं म्हणून, गाडीच्या पत्र्याला. म्हणजे पंपापर्यंत करंट येतो एवढंच तो दिवा सांगत होता. आलेला करंट परत जायला वाट आहे की नाही, हे त्याला कळणारच नव्हतं. इतकी साधी गोष्ट, आणि ती मला त्या माणसाच्या बोलण्यावरून सुचावी याचा मला भयंकर राग आला.

दिव्याच्या दोन्ही वायरी मी थेट पंपाच्या दोन टोकांना जोडल्या. कुणाला काही सांगितलं नाही. पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या. या वेळी काटा पडला तेव्हा दिवाही त्याच्याबरोबर विझला.

डिकीत, टाकीच्या मागे, पंपाची अर्थिंगची, म्हणजे करंट परत नेणारी, वायर एका बोल्टने पत्र्याला बसवलेली होती. मी बोल्ट सोडला. वरून रंग साबूत, आत गंज. खाडीच्या हवेने आत शिरून पत्रा खाल्ला होता. गरम झालं की सांधा सुटायचा, गार झालं की पुन्हा चिकटायचा.

भावजी माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले. "ह्यो कोनी बसवला?" त्यांनी विचारलं.

"कंपनीतूनच आलाय," मी म्हटलं.

त्यांनी टॉर्च मारून रंग नीट तपासला. मीही तपासला. जुना, मूळचा रंग, माझ्या आत्ताच्या पान्याशिवाय कुठे जुना ओरखडा नाही. तो बोल्ट आमच्यापैकी कुणीच कधी उघडला नव्हता. आम्ही बराच वेळ तसेच वाकून होतो आणि दोघंही एकच शोधत होतो, दुसऱ्याच्या हाताची खूण. ती नव्हती. स्पंज वयाने कुजला होता, बोल्ट हवेने. दोन दोष एकावर एक बसले होते, आणि कुणालाच जबाबदार धरता येत नव्हतं. ते आम्हाला दोघांनाही नको होतं.

मी पत्रा घासून नवी वायर लावली. गाडी दुपारभर पळाली. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, म्हणजे दोघांचंही बरोबर होतं तर. मी दिवा सोडवायला लागले, भावजी काटा.

शेडमध्ये परतल्यावर भावजी नळाखाली हात धूत होते. मी मागे जाऊन उभी राहिले.

"भावजी, ती आग कशाने लागली ते तुम्हाला माहीत नव्हतं. आजही नाही. मग हळदीत माझं नाव का घेतलंत?"

त्यांनी नळ बंद केला, हात पुसले.

"कोनाचं तरी नाव घ्यावा लागतंय," ते म्हणाले. "शेड माझी हाय."

एवढंच. त्यात लाज नव्हती की राग नव्हता. टॉर्चच्या उजेडातल्या त्या बोल्टासारखं ते उघडं होतं. मी माझी हत्यारं गोळा केली. ते आत जाऊन दुसऱ्या गाडीखाली शिरले.

आता घणसोली गावात माझा छोटा गाळा आहे. रिक्षा येतात, बॅटरीच्या स्कूटर येतात. ताई कधीमधी मासे घेऊन येते आणि नवऱ्याचा विषय काढत नाही. परवा तिच्याकडे गेले तेव्हा भावजी ओटीवर बसले होते. शेडमध्ये एक गाडी आलीय, तिचा दोष सापडत नाहीये, असं ताई चहा ओतता ओतता म्हणाली आणि माझ्याकडे पाहत राहिली. भावजी रस्त्याकडे बघत होते. मी चहा संपवला, कप मोरीत ठेवला आणि त्यांच्या पायांना वळसा घालून निघाले.