बॅगेतली मिठाची पुडी

मागच्या वर्षी पाच-सहा महिने मी वर्ध्याच्या बाजारात तोंड बांधून फिरले. हे लिहिताना थोडं हसू येतं, कारण आमच्याकडे उन्हात सगळ्याच मुली तोंड बांधतात. स्कार्फचे दोन वेढे, मानेमागे गाठ, डोळे तेवढे उघडे. कुणी वळूनही बघत नाही. फक्त माझ्या बॅगेत वही-पुस्तकांसोबत एक किलो मिठाची न फोडलेली पुडी असायची. ती कशासाठी, हे माझ्या रूममेटशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

पुडी आमच्याच दुकानातली होती. आमच्या गावी, वडनेरला, बाबांचं छोटं किराणा दुकान आहे. बाबा दहावीपर्यंत शिकले, आई सातवीपर्यंत. कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. सुट्टी संपवून वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या खोलीवर निघाले की बाबा तांदूळ, साबण, मीठ असं पिशवीत भरून द्यायचे. दुकानदाराच्या मुलीनं मीठ विकत घ्यावं, हे त्यांना पटत नसे.

एकदा तूरडाळ संपली म्हणून मी बाजारातून किलोभर आणली. ती डब्यात ओतली तर डबा नेहमीसारखा भरेना. मी लहानपणापासून दुकानात बसलेली आहे, किलोभर डाळ कुठवर येते हे माझ्या हाताला कळतं. रूममेट म्हणाली, "जाऊ दे ना वं, शहर आहे हे. इथं सगळेच काटा मारतेत." मला जाऊ देता आलं नाही. डाळ परत पिशवीत भरली, तोंड बांधलं आणि निघताना काय सुचलं कोण जाणे, मिठाची पुडी बॅगेत टाकली.

डाळ घेतलेल्या दुकानात गर्दी होती. काट्यावर डाळ न ठेवता मी पुडी ठेवली. आकडा आला एक किलो साठ ग्रॅम.

"काका, यावर तं एक किलोच लिहिलं आहे," मी म्हटलं.

"कंपनीनं जास्त भरलं असन," दुकानदार म्हणाला.

"मंग तुमच्या दुकानातली पुडी ठेवून पाहा."

मागून कुणीतरी हसलं. "ठेव ना गा भाऊ, मिठालेच काऊन भेऊन राह्यला?" दुकानदारानं पुडी ठेवली नाही. मुकाट्यानं माझ्या पिशवीत थोडी डाळ टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी पिशवी उचलून बाहेर आले. वर्गात सरांनी नाव पुकारलं तरी मला "हजर" म्हणायला दोन क्षण लागतात. ते धाडस माझं नव्हतं, स्कार्फचं होतं.

मग ती सवयच लागली. शनिवारी कॉलेज लवकर सुटायचं. मी एखाद्या दुकानात शिरायची, थोडंसं काही घ्यायची आणि "जरा ही पुडी मोजून देता का" म्हणायची. काही काटे बरोबर निघाले, तेव्हा फार बरं वाटायचं. चुकीचे निघाले तिथं मी आकडा सगळ्यांना ऐकू येईल असा वाचायची आणि निघून जायची. त्यापलीकडे काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. रूममेट दारातच विचारायची, "आली का वं वजनमापवाली? आज किती चोर पकडले?" आणि चहा ठेवायची.

नाव मात्र मी कुठंच सांगितलं नाही. बाबांचा माल वर्धा-हिंगणघाटच्या व्यापाऱ्यांकडून यायचा. एका दुकानदाराची पोरगी दुसऱ्यांचे काटे तपासत फिरते, हे कळलं असतं तर बाबांना मालासाठी कुणी दारात उभं केलं नसतं. पण मनात अजून एक गोष्ट होती, ती मी रूममेटलाही सांगितली नव्हती. काट्यावर पुडी ठेवताना दर वेळी मला बाबांचा हात आठवायचा. मोजून झाल्यावर ते पोत्यातून एक मूठ उचलून वरून टाकायचे. "लेकरांसाठी" म्हणायचे. गावात त्या मुठीचं कौतुक होतं. त्या मुठीच्या जोरावर मी इतरांना चोर ठरवत होते.

एका शनिवारी मोठ्या दुकानांऐवजी मी भाजीबाजारात गेले. एका म्हाताऱ्या बाईकडे वांगी घेतली आणि पुडी तिच्या काट्यावर ठेवली. आकडा आला नऊशे चाळीस. मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, हा काटा गिऱ्हाइकाला नाही, तिलाच बुडवत होता. किलोमागे साठ ग्रॅम ती लोकांना जास्त देत होती.

"आजी, किती दिवसापासून आहे हा काटा?"

"दिवाळीले घेतला. सेकंडमधी. काऊन वं?"

मी सांगितलं तशी ती खालीच बसली. वांग्यांकडे बघत राहिली. "तरीच माय," ती म्हणाली, "मी म्हनो, माहा माल बाकीच्याइच्या आधी काऊन सरते. मले वाटे लोकाइले माह्या भाजीची चव आवडते."

इतके दिवस मी फक्त लबाडच शोधत होते. मी तिच्याशेजारी पोत्यावर बसले. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "तोंड तं सोड. पाहू दे कोन हायस."

मी स्कार्फ सोडला. बाजारात पहिल्यांदाच.

"आवो, एवढीशी तं हायस!" ती हसली. "कोनाची वं तू?"

तिच्याशी खोटं बोलवेना. म्हटलं, "वडनेरच्या किराणावाल्याची." तिनं माझ्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी कोंबली आणि पलीकडच्या बाईला ओरडून सांगितलं, "पाह्य वं, ही पोरगी! मिठाची पुडी घेऊन फिरते, वडनेरची आहे!" तिनं ते प्रेमानं सांगितलं. पण ते बाजारात सांगितलं.

परीक्षेनंतर घरी गेले. पहिले दोन दिवस नेहमीसारखेच गेले. मी गल्ल्यावर बसायची, बाबा जेवून यायचे. समोर आमचा काटा होता आणि आत खोलीत बॅगेत पुडी. एकदाही ती आणून काट्यावर ठेवावी असं मला वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण मी उठले नाही. शंका घेणं पाप आहे, असं स्वतःला सांगितलं. खरं तर भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी शटर अर्धं खाली ओढलं.

"हिंगणघाटचा मालवाला आलता," ते म्हणाले. "सांगत होता, वर्ध्यात एक तोंड बांधलेली पोरगी दुकानदाराइले घाम फोडून राह्यली. मी लय हासलो. मंग म्हने, वडनेरची आहे."

मी गल्ल्यातली नाणी पुन्हा मोजायला घेतली.

"पुडी आहे का बॅगेत?"

"राहू द्या ना बाबा."

"आन."

मी आणली. त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच काट्यावर ठेवली. एक किलो तीस.

पंखा फिरत होता. मग मीच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"तुह्या ॲडमिशनच्या साली काटा दुरुस्तीले दिलता," बाबा म्हणाले. "कारागीर म्हने, भाऊ, तीस ठेवू का, सगळेच ठेवतेत. मी हो नाई म्हटलं." मग म्हणाले, "पन नाई बी नाई म्हटलं."

माझ्या खोलीचं भाडं, पुस्तकं, मोबाईल, अगदी तो स्कार्फसुद्धा डोळ्यांपुढून गेला. रडू येत होतं. तोंड झाकायला काही नव्हतं.

"आणि ती मूठ?" मी विचारलं. "ती तं पहिल्यापासून होती ना?"

"पहिले चिमूट होती," बाबा म्हणाले. "त्या सालापासून मूठ झाली."

ते असं म्हणाले आणि पुडीवरची धूळ हातानं पुसत बसले, जणू ती विकायची होती. बाबांना इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाजारात मी आकडा मोठ्यानं वाचून निघून जायची. इथून कुठं जाणार होते? मी स्टूल लावलं आणि फळीवरचा जुना तराजू खाली काढला. पारडी चिंचेनं घासली. बाबांनी वजनं पुसून मांडली. काटा कापडात गुंडाळून त्यांनी कोपऱ्यात ठेवला, दुरुस्तीला न्यायला.

संध्याकाळी शेजारची काकू हरभऱ्याची डाळ घ्यायला आली. तराजू पाहून म्हणाली, "हे काय जी भाऊ, इलेक्ट्रिकवाला बिघडला का?"

"हो," बाबा म्हणाले. "लय दिवसाचा बिघडला होता."

त्यांनी डाळ मोजली. पारडी समान झाली. हात सवयीनं पोत्यात गेला आणि तिथंच थांबला. आता माप पूर्ण होतं, चिमूटही पुरली असती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मूठच टाका बाबा," मी म्हटलं.

"कधीपरेंत?"

"माही डिग्री होईपरेंत तरी."

काकूला काही कळलं नाही. तिनं पिशवी पुढे केली आणि बाबांनी मूठ भरून टाकली.