खाली न्यूयॉर्क, वर शिकागो

नवं घर बांधायचं ठरलं आणि नेमकं तेव्हाच लेकीनं आम्हाला अमेरिकेला बोलावलं. घर बांधायला काढलेल्या नवऱ्याला घेऊन परदेश फिरू नये, हे मी अनुभवानं सांगते. लोक पुतळ्यासमोर उभे राहून फोटो काढत होते आणि आमचे हे चौथऱ्याचे दगड कसे सांधलेत ते वाकून बघत होते.

आमचं गाव श्रीगोंद्याच्या पुढं, कारखान्याच्या रस्त्याला. यांची ऊसशेती आणि माझा मसाल्याचा डंक. मिरची-मसाला कुटायचं हे यंत्र घराशेजारच्या पत्र्याच्या खोलीत बसवलंय. उन्हाळ्यात बायका मिरच्या घेऊन येतात, घराच्या ओट्यावर पसरतात आणि नंबर येईपर्यंत देठं खुडत बसतात. जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधायचं होतं. डंक होता तिथंच राहणार होता.

लेक डॅलसला राहते. घर ऐसपैस, पण समोरून बघावं तर निम्मं गॅरेजचं दार. सकाळी फिरायला निघालो, तर रस्त्यावर आम्हा दोघांखेरीज एक कुत्रं, तेही माणसाला बांधलेलं. जावयांना वाईट वाटू नये म्हणून मी झाडांचं कौतुक केलं.

वॉशिंग्टन सगळं पांढरं, रुंद आणि बेताच्या उंचीचं. शहर आवडलं, पण तिथल्या सरकारी इमारतींच्या खांबांसमोर उभं राहिलं की आपलं काहीतरी काम अडलंय आणि साहेब जेवायला गेलेत असं वाटत राहतं.

शिकागोवर मात्र हे भाळले. तिथं नदीतून बोटीनं फिरवतात आणि एकेक इमारत कुणी, कशी बांधली ते सांगतात. शहर देखणं आहे हे मलाही कबूल. एक इमारत दगडाची, तिच्या शेजारी लोखंड आणि काचेची, आणि त्या काचेत समोरचा दगड, नदी, आभाळ सगळं दिसतं. एकीनं दुसरीचा मान राखलाय. हे काचेकडे बघत राहिले. मी दोराला लटकून ती काच पुसणाऱ्या माणसाकडे बघत होते.

न्यूयॉर्कला उंच इमारती बघून झाल्या, मग लेकीनं एका जुन्या वस्तीत नेलं. तपकिरी दगडाची, खांद्याला खांदा लावून उभी असलेली घरं आणि प्रत्येकाच्या दाराला थेट रस्त्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. माझे पाय दुखत होते, पायऱ्या सावलीत होत्या. मी बसले. आमच्याकडे कुणाच्याही ओट्यावर टेकायला विचारावं लागत नाही.

“आई, ऊठ. लोकांचं घर आहे ते,” लेक दबक्या आवाजात म्हणाली.

“मग मी कुठं आत गेलेय?”

तेवढ्यात दार उघडलं. माझ्याच वयाची बाई कॉफीचा मग घेऊन बाहेर आली. लेकीनं माफी मागायला सुरुवात केली, पण बाई माझ्या वरच्याच पायरीवर बसली आणि गुडघे दुखतात का म्हणून विचारलं. मग लेकीला मध्ये घालून आम्ही दोघी गुडघ्यांवर बराच वेळ बोललो. रस्त्यानं जाणारे दोघेतिघे तिला हात करून गेले. माझा पहिला नंबर न्यूयॉर्कला, तो त्या पायऱ्यांसाठी.

परत आल्यावर यांनी इंजिनिअरला आणि माझ्या दिराला बसवून मोबाईलवर शिकागो दाखवलं. नवीन नकाशात दर्शनी बाजूला खालपासून वरपर्यंत काच आली आणि ओट्याच्या जागी गाडी. माझ्या बायका कुठं बसणार, असं मी विचारलं. खुर्च्या आणू, असं उत्तर मिळालं.

भाऊजी म्हणाले, “वहिनी, अमेरिका बघून आलात आन् ओट्यावरच अडलात व्हय?”

मी न्यूयॉर्कच्या पायऱ्यांचं सांगितलं. ती वस्ती जुनी आहे, असं म्हणून दोघा भावांनी ती निकालात काढली. पण पुढच्या गावात नवा डंक निघाला होता. बसायला जागा नाही म्हटल्यावर बायका तिकडं गेल्या असत्या, आणि गेलेलं गिऱ्हाईक चांगल्या मसाल्यासाठीसुद्धा परत येत नाही.

जुनं घर पाडलं. चैत्रात एका सकाळी इंजिनिअरनं पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर घराची आखणी केली. दुपारी खोदाई सुरू व्हायची होती. अशा दिवशी खरं तर डंक बंद ठेवायचा. मी तो सुरू ठेवला.

बायका आल्या. ओटा नव्हता, पण त्यांची जागा त्यांना ठाऊक होती. गाडीसाठी आखलेल्या चौकोनात त्यांनी पोती अंथरली, मिरच्या ओतल्या आणि खुडायला बसल्या. फक्कीची रेघ लुगड्याच्या घोळानं पुसली गेली. हे धावत आले आणि शेजारच्या मंडपवाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणवल्या.

बायकांतली सगळ्यात थोरली मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, “खुर्चीवर बसून देठं कशी खुडायची, दादा? तुमीच दावा.”

हे मागं हटणारे नाहीत. खुर्चीत बसले, मांडीवर मिरच्या घेतल्या, खुडायला लागले. मिरच्या वाळलेल्या, गुळगुळीत. पहिल्या ओंजळीतल्या निम्म्या धुळीत गेल्या. उचलायला वाकले तर उरलेल्याही गेल्या, आणि वर शिंकांवर शिंका. बायकांनी पदर तोंडाला लावले, ते ठसक्यासाठी नव्हते.

मावशीनं मिरच्या गोळा करून दिल्या आणि पुसलेल्या रेघेकडे बोट दाखवलं. “आन् ह्यो ओटा किती उंच घेताय? माझं गुडघं बघूनच काय ते ठरवा.”

ओटा होणारच, असं ती धरून चालली होती. यांनी इंजिनिअरकडे बघितलं. इंजिनिअरनं माझ्याकडे. मी डंकात मिरची टाकत होते.

“दीड फूट घेऊ, मावशी,” हे नाक पुसत म्हणाले. “दोन पायऱ्या करू.”

काच त्यांनी सोडली नाही, मीही ताणून धरलं नाही. वरच्या मजल्याचं सगळं तोंड काचेचं झालं आणि संध्याकाळी खरंच छान दिसतं. समोरचा ऊस आणि आभाळ त्यात उतरतं. मात्र कारखाना सुरू झाला की रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जातात आणि शिकागोवर धुळीचा थर बसतो. पुसायचं काम मी त्यांच्याकडेच ठेवलंय. हे वर लांब दांड्याचं फडकं घेऊन उभे राहिले की खाली ओट्यावरून सूचना जातात, “दादा, उजव्या अंगाला राह्यलंय.”

लेकीनं व्हिडिओ कॉलवर घर बघितलं आणि शेवटी कोणतं शहर निवडलं म्हणून विचारलं.

“खाली न्यूयॉर्क, वर शिकागो,” हे म्हणाले.

गाडी चिंचेखाली उभी असते, हे मी तिला सांगितलं.