ताराताईंचे तलावाकाठचे रस्ते

ताराताई पिंपळखुटे उतारावर ब्रेक दाबायच्या नाहीत. शामला टेकडीवरून रस्ता तलावाकडे घसरत येतो तिथे मी सायकलवरून उतरून पायी चालायची. त्या मात्र पदर कमरेला घट्ट खोचून, मान थोडी पुढे काढून सरळ सुटायच्या, आणि खाली पाण्याच्या काठाशी पाय टेकून माझी वाट बघत उभ्या राहायच्या. "पडला असतात म्हणजे?" असं मी रागावून विचारलं, की म्हणायच्या, "चढ मी माझ्या पायांनी चढले नं? मग उतार माझा हक्काचा आहे."

राज्यांची नव्याने वाटणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमच्या राज्याची राजधानी हलली आणि आमच्यासारख्या कितीतरी नोकरदारांच्या नशिबी भोपाळ आलं. आम्ही दोघी मुलींच्या सरकारी शाळेत शिक्षिका. मी नुकती लागलेली, तेवीस वर्षांची. त्या तिशीच्या, भूगोल शिकवणाऱ्या, विधवा. पीरगेटजवळ एका माडीवर आम्ही खोली भाड्याने घेतली. नागपुराहून त्यांनी दोन ट्रंका आणि ती काळी लेडीज सायकल आणली होती. तीन वर्षांचा मुलगा अरुण मात्र आणला नव्हता. तो नागपुरातल्या महाल भागात, सासरी, दीर-जावेपाशी होता. जावेला मूलबाळ नव्हतं. "जागा मिळेपर्यंत राहू दे आमच्याकडे," असं दीर म्हणाले, आणि परक्या गावात माडीवरच्या एका खोलीत, दिवसभर शाळा करून, तान्ह्यासारख्या पोराला सांभाळणारं ताराताईंजवळ कुणी नव्हतं.

नागपूरला परत बदलीसाठी त्यांनी पहिल्याच वर्षी खटपट केली. खात्यातले साहेब सज्जन होते. म्हणाले, "बाई, पूर्वी एका खात्यातली बदली होती. आता ते दुसरं राज्य आहे." त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला सायकलवर बसायला शिकवलं. "घरात बसून भिंती पाहायच्या का, बाप्पा?" असं म्हणाल्या, मी भाड्याने एक सायकल घेतली, आणि पुढच्या रविवारपासून आमचं हिंडणं सुरू झालं.

भोपाळभोवतीचे रस्ते मला ताराताईंमुळे कळले. भदभद्याकडे जाणारा, जिथे मोठ्या तलावाचं जादा पाणी खडकांवरून खाली पडतं. पुढे नीलबड, रातीबडकडचा, दोन्ही बाजूंना पळस आणि मधेच डावीकडे लांबवर चमकणारं पाणी. बैरागढवरून सीहोरकडे जाणारा, सपाट, वाऱ्याचा. दोन वाटा फुटल्या की त्या जमिनीवर पाय टेकून थांबायच्या आणि पाण्याच्या बाजूची वाट धरायच्या. शहरातली पोरं भोपाळी हेलात ओरडायची, "को खां, देखो तो, बाई साइकिल चला रई!" ताराताई घंटी वाजवून म्हणायच्या, "देख लिया? अब हटो." खेड्यांतल्या बाया त्यांना ओळखू लागल्या. ताक द्यायच्या, विचारायच्या, "बच्चे कित्ते हैं, बैनजी?" "एक लड़का है. नागपूर में पढ़ता है," असं त्या सांगायच्या. तीन वर्षांचं पोर काय शिकत असणार! पण तेवढं सांगताना त्यांचा आवाज ताठ व्हायचा.

जागा मिळाली ती तिसऱ्या वर्षी. नव्या भोपाळात दोन खोल्यांचं क्वार्टर. आम्ही दोघींनी भिंतींना चुना दिला. त्यांनी सायकलच्या दांड्यावर लहान मुलाची बैठक बसवून घेतली. दिवाळीच्या सुट्टीत दीर अरुणला घेऊन आले. गोरा, काळेभोर डोळे, नीट भांग पाडलेला पोरगा. दारात उभा राहून त्याने काकांचा हात सोडला नाही. "पाया पड," काका म्हणाले, तेव्हा वाकला, आणि हळूच त्यांना विचारलं, "याच का भोपाळच्या बाई?"

ताराताई हसल्या. हसल्या, हे मी पाहिलं आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला घेऊन भोजपूरला निघालो. एवढ्या लांब नको, असं मी म्हटलं होतं. पण त्यांना त्याला ती जागा दाखवायचीच होती. जुन्या काळी तिथे एवढा तलाव होता म्हणतात, की दुसरा काठ दिसत नसे. मग कुणा सुलतानाने बांध फोडला. आता तिथे शेतं आहेत. वाटेत अरुण बरा होता. घंटी वाजवत होता. फुटक्या बांधावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. त्या त्याला बोटाने दाखवत सांगत होत्या, "इथून तिथपर्यंत सगळं पाणी होतं." त्याने विचारलं, "मग ते परत का नाही आलं?" त्या म्हणाल्या, "गेलेलं पाणी परत येत नसतं, राजा."

परतताना ऊन चढलं आणि तो रडायला लागला. आधी मुसमुसत, मग हमसून. आम्ही एका चिंचेखाली थांबलो. ताराताई गुडघ्यांवर बसून त्याचं तोंड पुसत होत्या.

"काय झालं? पाय दुखतो?"

"मला आईकडे जायचंय."

त्यांचा हात थांबला. "कुठल्या आईकडे रे?"

"माझ्या आईकडे. नागपूरला."

त्यांनी त्याला उचलून पुन्हा दांड्यावरच्या बैठकीत बसवलं. घरी आल्यावर दिरांना म्हणाल्या, "भाऊजी, उद्याच्या गाडीने न्या त्याला."

मी फार भांडले. म्हटलं, "तुमचं पोर आहे. चार दिवस रडेल, मग रुळेल. ठेवून घ्या." त्या बैठकीचे स्क्रू सोडवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मालती, रडणारं पोर धरून ठेवता येतं गं. पण मग ते जन्मभर धरलेलंच राहतं."

त्यानंतर त्यांचं सायकल चालवणं बदललं. पूर्वी त्या थांबत, ताक पीत, बोलत. आता नुसत्या चालवत. एका श्रावणात भदभद्याला पाणी धो धो पडत होतं. मी मागून पोचले तर त्यांची सायकल रस्त्यात आडवी पडलेली, आणि त्या अगदी टोकाच्या ओल्या खडकावर उभ्या. मी हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसेल. मी जाऊन दंड धरला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं झोपेतून उठवल्यावर माणूस पाहतं. मग म्हणाल्या, "चल. उद्या सातवीची परीक्षा आहे." त्या दिवसानंतर वर्षभर मी त्यांना एकटं जाऊ दिलं नाही. पण पुढे माझं लग्न झालं, मी कारखान्याच्या वसाहतीत राहायला गेले, आणि कुणाला किती दिवस धरून ठेवणार?

अरुणच्या मुंजीला त्या नागपूरला गेल्या. परत आल्यावर मी भेटायला गेले, तर जमिनीवर बसून भूगोलाच्या वह्या तपासत होत्या. कशी झाली मुंज, विचारलं.

"छान झाली. मातृभोजनाला जाऊबाई बसल्या त्याच्याजवळ."

"आणि तुम्ही?"

"विधवेला कोण बसवतं, काहून विचारते तू? मी वाढत होते." थोडा वेळ लाल पेन्सिल चालत राहिली. "त्याच्या पानात लाडू मी वाढला. 'पुरे' म्हणाला मला."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "तुझं बरं आहे. तुझे डोळे अजून चालतात."

सीहोर रस्त्यावर, भर दुपारी, त्या सायकलवरून उतरल्या आणि बाभळीच्या सावलीत बसल्या, त्या परत उठल्या नाहीत. पंचेचाळिशीही पूर्ण नव्हती. गावकऱ्यांनी बैलगाडीतून शहरात आणलं. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. घरात मागे काही नव्हतं: चार पातळं, भांडी, नकाशे. अरुण दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच आला. कॉलेजात जाणारा उंच मुलगा. दीर आजारी होते. शाळेच्या मुली आल्या होत्या, नीलबडहून दोन बायाही आल्या होत्या. त्या मोठ्याने रडल्या. अरुणने सगळं नीट केलं, गुरुजी सांगतील तसं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अस्थी घेऊन तो निघाला. मी आणि माझे यजमान त्याला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. माझे यजमान चहा आणायला गेले, तेव्हा तो एकदम म्हणाला, "मावशी, स्मशानात गुरुजींनी विचारलं, या तुमच्या कोण? मी 'आई' म्हणालो."

मी बाकावर त्याच्याजवळ सरकले.

"याआधी कधी म्हणालो नव्हतो. घरी आईला वाईट वाटलं असतं." त्याने कलशाभोवतीचं फडकं पुन्हा घट्ट केलं. "त्यांना वाटत असेल का हो, मी म्हणावं असं?"

मी त्याची पिशवी उचलून घेतली. गाडी फलाटाला लागली. तो दोन्ही हातांनी कलश छातीशी धरून डब्यात चढला.